दोन माठ

ओल्या खापराचा वास आला की मळवलीच्या फलाटावरचे दोन माठ आठवतात. एक हिंदूंचा, एक मुसलमानांचा, दोन्ही एकाच विहिरीवर भरलेले. आई तापाने फणफणून बाकावर पडली होती. मी तांब्या पुढे केला, तसे पाणक्याने माझे घामेजलेले कपाळ, कान, परकर संशयाने निरखले. "कुणाची गं तू?" "मळवलीची." "गाव न्हाई इचारलं. हिंदू का मुसलमान?" आम्ही कोण, ते मी तेव्हा सांगितले नाही, आजही सांगणार नाही. "आई लय तापलीया, भाऊ," एवढेच म्हणाले. "लय शानी हाईस!" असे पुटपुटत त्याने हाताशी आलेल्या माठातले पाणी ओतले. मी धावले. आईने तांब्या कोरड्या ओठांपर्यंत नेला, तिथेच थांबवला, आणि अगदी त्याच्याच नजरेने माझ्याकडे पाहत विचारले, "कुठलं?"