गॅरेजमधली दारू

माझा धाकटा भाऊ लहानपणी दिवाळीचे चार दिवस कानांत कापूस घालून पलंगाखाली काढायचा. शेजाऱ्यांनी साधी लवंगी माळ लावली तरी आतून रडण्याचा आवाज यायचा. पुढे तो टेक्सासला गेला, सॉफ्टवेअरमध्ये स्थिरावला, आणि चाळिशी ओलांडल्यावर त्याने एक सेमी-ऑटोमॅटिक रायफल विकत घेतली. नाशिकला आईला त्याने फोनवर सांगितलं की नेमबाजीचा क्लब लावलाय. आईला वाटलं, पोहण्याचा लावतात तसाच. ती म्हणाली, "बरं झालं, तेवढाच व्यायाम."

मी कतारमध्ये मेसईदला एका खताच्या कारखान्यात इन्स्पेक्शन इंजिनिअर आहे. प्रचंड दाबाखालच्या टाक्या, पाइप, सेफ्टी व्हॉल्व्ह तपासायचे, कुठे धातू झिजलाय, कुठे चीर गेलीय ते शोधायचं आणि मग कुणालाही नको असलेला रिपोर्ट लिहायचा, हे माझं काम. भावाच्या लेखी या सगळ्याचा अर्थ एवढाच: ताई प्रेशरमध्ये आहे.

एके दिवशी सकाळी कारखान्यातल्या मीटिंगमध्ये त्याचा फोटो आला. पितळेची एक गोल चकती आणि तिच्या मधोमध आणखी एक चपटी, चंदेरी चकती. मला तो गॅसच्या शेगडीचा बर्नर वाटला. खाली लिहिलं होतं, "ताई, हे बघून सांग, प्रेशर जास्त वाटतंय का?"

दुपारी फोन केला तेव्हा कळलं की भाऊ काडतुसं घरीच भरतो. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी घ्यायची, तिच्या बुडात नवी टोपी बसवायची (तो प्रायमर म्हणतो), आत तोलून दारू घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. हे सगळं तो गॅरेजमध्ये, मुलांच्या सायकली आणि कपडे धुण्याचं मशीन यांच्या मधल्या टेबलावर करत होता.

"विकत मिळत नाहीत का रे?"

"मिळतात ना. पण घरच्यांनी नेम जास्त चांगला लागतो."

माझे यजमान शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "म्हणजे घरच्या लोणच्यासारखंच."

तर प्रश्न असा होता, की त्याच्या टोप्या चपट्या व्हायला लागल्या होत्या. झाडल्यावर टोपीच्या कडा थोड्या गोलसर राहायला हव्यात. त्याच्या टोप्या इस्त्री केल्यासारख्या सपाट दिसत होत्या. शिवाय पुंगळीच्या बुडावर एक चकचकीत ओरखडा होता आणि काठ एका बाजूने वाकलेला. सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत गोळी सुटल्यावर तिच्यामागचा गॅसच बोल्टला, म्हणजे नळीमागच्या सरकत्या दट्ट्याला, मागे ढकलतो, बोल्ट रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो आणि नवीन काडतूस आत घेतो. आतला दाब उतरायच्या आधीच ही ओढाओढ सुरू झाली, तर फुगून नळीच्या भिंतीला चिकटलेली पुंगळी हिसक्याने बाहेर येते आणि अंगावर असे वळ घेऊन येते. हे सगळं मी दोन दिवसांत वाचून काढलं. आयुष्यात मी जत्रेतल्या फुग्यांवरसुद्धा बंदूक चालवलेली नाही.

मी विचारलं, "दाब किती आहे?"

"तो घरी मोजता येत नाही गं. खुणा बघूनच अंदाज करायचा."

आमच्या कारखान्यात दर चार पावलांवर एक गेज असतो. त्या गेजवर लक्ष ठेवणारा दुसरा गेज असतो आणि दोघांवर लक्ष ठेवणारा माणूस एसीत बसलेला असतो. माझ्या भावाकडे पितळेचा एक तुकडा होता आणि त्यावर मतं देणारे इंटरनेटवरचे चाळीस अनोळखी गृहस्थ. त्यांतले वीस म्हणत होते, ताबडतोब थांब. उरलेले वीस म्हणत होते, आमच्याही अशाच होतात, काही होत नाही.

मी त्याला कारखान्यातल्या पद्धतीने लांबलचक पत्र लिहिलं. आधी वापर थांबव. मग आधी ठीक होतं आणि आता नाही, तर मधल्या काळात काय काय बदललं ते लिहून काढ. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघ.

त्याचं उत्तर आलं, "ताई, थांबू का असं मी विचारलंच नव्हतं. एवढं चालून जाईल ना, इतकंच सांग."

हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. हिंदीत, इंग्लिशमध्ये आणि पुढे इन्शाल्ला लावून. फक्त मराठीत ते पहिल्यांदाच ऐकत होते.

पुढच्या शुक्रवारी दुपारी मी कंपनीच्या बसने दोह्याला निघाले होते. गाडी यजमानांकडे होती आणि घरातला किराणा संपला होता. बस मेसईदच्या बाहेर पडते न पडते तोच भावाचा फोटो आला: सुंदर, गोलसर कडांच्या सहा टोप्या. "प्रॉब्लेम सुटला!"

मी लगेच फोन लावला. "काय केलंस?"

"टोप्या बदलल्या. दुसऱ्या कंपनीच्या घेतल्या, जाड पत्र्याच्या. त्या चपट्या होतच नाहीत."

म्हणजे दाब तेवढाच होता, फक्त दिसेनासा झाला होता. अलार्म सारखा वाजतो म्हणून त्याची वायर काढणारा एक सुपरवायझर मला माहीत आहे. त्याला मी दोन पानी नोटीस दिली होती. भावाला नोटीस देता येत नाही, म्हणून मी आवाज चढवला. बसमध्ये नेपाळी, मल्याळी, फिलिपिनो मंडळी होती. मराठी कोणाला कळणार, म्हणून मनमोकळेपणाने बोलत होते.

"आधी दारू कमी कर! ... नाही, अजिबात चालणार नाही. ... अरे, लोक पितळेचं भांडं फुटेपर्यंत थांबतात का? ... एकदम नको, थोडी थोडी कमी करत जा. ... घरात लहान मुलं आहेत आणि तू गॅरेजमध्ये बसून दारू भरतोयस! ... पुस्तकात दिलीय तेवढीच घेतोस? पुस्तकात दिलेली ती शेवटची मर्यादा असते, रोजची नव्हे!"

दोहा आलं. सगळे उतरले. मी उतरायला लागले तशी ड्रायव्हरने मान वळवली. पन्नाशीचा, पांढऱ्या जाड मिश्यांचा माणूस. इतकी वर्षं मी त्याच्याशी अरबीतल्या "शुक्रन", म्हणजे धन्यवाद, याच्या पलीकडे बोलले नव्हते.

"ताई, राग मानू नका. एक बोलू का?"

मी जागच्या जागी थिजले. मराठी!

"माझ्या चुलतभावाची बी अशीच हुती. घरीच गाळायचा. तुमी सांगितलं ते बराबर हाय, एकदम तोडाय जाऊ नये. आमच्या सातारला चांगलं केंद्र हाय, डॉक्टर लई समजूतदार. नंबर देऊ?"

मला समजायला एक क्षण लागला, आणि मग मी तिथेच पायरीवर बसून हसले. त्याला सगळं सांगितलं. काडतुसं, टोप्या, टेक्सास. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलत गेला. पाठ सरळ झाली.

"मी सतरा वर्सं फौजेत हुतो," तो म्हणाला. "दावा फोटो."

फोटो त्याने जवळ धरून, मग लांब धरून पाहिला. "टोपीवरनं मला काय सांगता याचं न्हाई. आमी काय भरत नव्हतो, आमाला भरलेलं मिळायचं. पण त्यास्नी दोन गोष्टी इचारा. पुंगळी उडून पडती कुठं? पयल्यापास्नं तिथंच पडती का जागा बदलली? आन दुसरं, काडतूस ठेवत्यात कुठं? उन्हात न्हाई ना?"

"उन्हाने काय होतं?"

तो माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिला की मला माझी डिग्री आठवून लाज वाटली. गरम झालेली दारू अधिक जोरात जळते, हे मला कुणी सांगायला नको होतं. बाहेर सेहेचाळीस डिग्री तापमान होतं. कतारमध्ये आम्ही गाडीत लायटर ठेवत नाही, परफ्यूम ठेवत नाही. आणि हा साधा प्रश्न माझ्या लांबलचक पत्रात नव्हता.

"राजस्थानात पोस्टिंग हुती," तो म्हणाला. "पेटीवर वलं पोतं टाकायचो आमी. सायबाच्या आधी पेटीला सावली."

मी त्याचे दोन्ही प्रश्न भावाला पाठवले आणि माझा एक जोडला: पुंगळ्या त्याच आहेत का? उत्तरं तुकड्यातुकड्यांनी आली. पुंगळ्या पूर्वी उजवीकडे जरा मागे पडायच्या, आता पुढे, शेजारच्या माणसाच्या टेबलावर जातात, म्हणजे बोल्ट जास्त जोराने मागे येत होता. काडतुसं काळ्या डब्यात, गाडीच्या मागच्या सीटवर, क्लबच्या दिवशी सकाळपासून. आणि पुंगळ्या? त्या क्लबात लोक टाकून जातात, त्या गोळा केलेल्या. फुकट मिळतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या, काही जाड भिंतीच्या. दारूचं माप मात्र त्याने जानेवारीच्या थंडीत, स्वतःच्या पातळ पुंगळ्यांवर ठरवलेलं, तेही अगदी शेवटच्या रेषेवर. आतली जागा कमी झाली, हवा तापली आणि माप तेच राहिलं.

मी लिहिलं, "आता एकही झाडू नकोस."

त्याने लिहिलं, "ओके. डब्यात फक्त वीस उरल्यात, तेवढ्या संपवतो."

शनिवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते तेव्हा त्याचा फोन आला. आवाज बारीक. तिसऱ्या गोळीला टोपी पुंगळीतून सुटून बाहेर आली होती आणि रायफलीच्या चापात जाऊन अडकली होती. सगळं जाम. बोल्टच्या फटीतून तोंडावर गरम वाफारा आला होता.

"डोळे?" मी विचारलं.

"चष्मा होता गं." "ताई, मी आत्ता गाडीत येऊन बसलोय."

पुष्कळ काही बोलायचं पाठ करून ठेवलं होतं मी. ते सगळं मी बाजूला ठेवलं. मी म्हटलं, "पाणी पी. गाडी लगेच चालवू नकोस." तो पाणी पिऊन परत फोनवर येईपर्यंत मी मेथीची पानं देठांसकट तोडत होते.

पुढे कळलं की क्लबातल्या एका म्हाताऱ्याने त्याला बाजूला घेऊन सांगितलं: थांब, काय बदललं ते लिहून काढ, एका वेळी एकच गोष्ट बदल. भावाला हा सल्ला फार पटला. "किती साधं आणि किती खोल बोलला बघ," असं त्याने मलाच लिहिलं. यजमानांनी माझं पत्र छापून फ्रिजवर लावायची तयारी दाखवली.

त्याने गॅरेजमध्ये भरून ठेवलेली शेकडो काडतुसं दोन आठवडे बसून एकेक करून उकलली. पुंगळ्या कंपनीनुसार वेगळ्या केल्या, जुन्या टोप्यांवर परत आला, अगदी कमी दारूपासून पुन्हा सुरुवात केली आणि डबा सावलीत ठेवायला लागला. मर्यादेच्या पुष्कळ अलीकडे नेम सर्वांत चांगला लागतो, असा शोध त्याला लागला. हाही शोध त्या म्हाताऱ्याच्या नावे जमा झाला.

डिसेंबरात आईला भेटायला जाताना तो एक दिवस दोह्याला उतरला. ती सुटलेली टोपी दाखवायला आणतो म्हणत होता. विमानतळावर काय होईल ते मी त्याला इतक्या सविस्तर सांगितलं, की त्याने बॅग तीनदा झाडून पाहिली. त्याला ड्रायव्हरदादांना भेटायचं होतं. त्यांची सुट्टी होती, म्हणून आम्ही कामगारवस्तीतल्या एशियन टाउनला एका चहाच्या टपरीबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. सिनेमा सुटला होता, गर्दी होती. भाऊ ताठ बसला होता, शाळेतल्या मुलासारखा.

दादांनी विचारलं, "मारता काय तुमी?"

"कागद," भाऊ म्हणाला. "टार्गेट."

"निस्ता कागद?"

"हो."

"आन पुंगळ्या तिथंच पडून असत्यात? कुणीबी उचलायच्या?"

"बादल्या भरून."

दादांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आमाला रेंजवर गोळ्या मोजून मिळायच्या," ते म्हणाले. "आन जेवढ्या झाडल्या तेवढ्या पुंगळ्या मोजून माघारी. एकदा एक कमी भरली. फकस्त एक. आख्खी कंपनी, शे-सव्वाशे जवान, वाळूत गुडघ्यावर. जेवण बंद. सकाळी धापासनं दिवस बुडंस्तवर चाळणीनं वाळू चाळली. सायब बी चाळत हुते."

"मग? सापडली?" भावाने विचारलं.

"सापडली की. हवालदाराच्या दुमडलेल्या बाहीत उडून बसली हुती. दिसभर तोच सगळ्यात मोठ्यांदा वरडत हुता, की हुडका, हुडका."

भाऊ खुर्चीत मागे रेलून इतका हसला की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

"हवालदाराने मग काय केलं?"

"काय करणार? माज्यासमोर बाही खाली केली, पुंगळी वाळूत टाकली, आन मला म्हनला, तिथं बघ, तुझ्या पायाशी. श्याबासकी मला मिळाली."

दादांनी चहा संपवला आणि अजून तीन मागवले.