आबांची सकाळची परीक्षा

आबा वैद्य जेवायला बसले की ताटातली मिठाची चिमूट उचलून परत माझ्या हातावर ठेवत. हसनाबादेत या वेडाची भरपूर थट्टा होई. व्याह्यांच्या पंगतीतही त्यांनी हेच केलं, तेव्हा माझी नणंद लाजेनं अर्धमेली झाली.

आबा माझे सासरे. त्यांच्या वडिलांच्या अंगावरून वारं गेलं होतं, आणि तेही एकदा नव्हे. पहिल्या खेपेला हात चार दिवस लुळा पडला आणि बरा झाला, पण शेताची वाट ते विसरले. मग वर्षभर काही नाही. पुन्हा एक झटका आला आणि आठवणीतून लेकाचं नाव गेलं. आबा म्हणत, "समद्यांचीच अक्कल म्हातारपणानं जात न्हाई. डोक्यातल्या बारीक नसा बंद पडत्यात, आन् दर खेपेला माणूस एक पायरी खाली उतरतं." जालन्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना त्यांनी हे ऐकवलं. डॉक्टरांनी मान डोलावली आणि मीठ, तंबाखू कमी करायला सांगितलं. आबांना कमी करणं माहीत नव्हतं. त्यांनी दोन्ही सोडलं, आणि रोज पहाटे नदीपर्यंत पायी जाऊ लागले.

तरी एका सकाळी त्यांच्या हातून तांब्या पडला आणि तोंड वाकडं झालं. दुपारपर्यंत सगळं ठीक झालं. घरच्यांनी देवापुढे साखर ठेवली. आबांनी मात्र मला बोलावून घेतलं. त्यांच्याकडे औषधं कुटता कुटता मी बरंच शिकले होते.

"कपाटात बचनाग हाय. शुद्ध केला तर औषध, न्हाई तर जहर. माझ्या हातून कुणाचा जीव गेला न्हाई पायजे. रोज सकाळी मला तीन सवाल विचार. चुकलो की किल्ली तुझी."

"तुमच्या मुलाला का नाही सांगत, मामंजी?"

"तो भिडेखातर पास करील. तू भांडखोर हाईस."

ही माझी तारीफच होती, असं मी अजून मानते.

सहा वर्षं मी औषधांविषयीचे सवाल विचारले. कधी सोपा विचारला तर आबा चिडत. एकदाही चुकले नाहीत. मला वाटलं, आम्ही जिंकलो.

मग एक दिवस एक बाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन आली. बचनागाच्या तापावरच्या गोळ्या संपल्या होत्या. आबांनी कपाटातून बचनाग काढून खलात टाकला. तो कच्चा होता. आदल्याच दिवशी बाजारातून आला होता.

"मामंजी, बचनाग गोमूत्रात किती दिवस भिजवायचा?"

"तीन. रोज गोमूत्र बदलून."

"आणि हा?"

"परवाच भिजवून वाळवला की."

तेव्हा आमची चूक मला कळली. मी इतकी वर्षं जुनी विद्या विचारत आले होते, आणि ती त्यांची पक्की होती. निसटत होता तो कालचा दिवस, आणि तो मी कधी विचारलाच नव्हता.

"हा काल आलाय, मामंजी. कच्चा आहे."

"सूनबाई, चार माणसांत मला खोटं पाडती?" ते असे माझ्यावर कधीच ओरडले नव्हते. मला रडू फुटलं, पण मी खल ओढून घेतला आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

आबांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग कमरेची किल्ली सोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "बराबर हाय," ते म्हणाले. "मीच सांगितल्तं. मंग आता मी मागितली तरी देऊ नको." आणि त्या बाईला म्हणाले, "बाई, आजपासून वैद्य ही हाय." मी लेकराला साधा काढा दिला. चार दिवसांनी ते अंगणात खेळू लागलं.

आबांनी पुढे अनेकदा किल्ली मागितली, कधी रागानं, कधी हात जोडून. मी दिली नाही. आणखी तीन पायऱ्या उतरल्यावर ते मलाही ओळखेनासे झाले. त्यांच्या औषधानं गावात एकही माणूस दगावला नव्हता. त्यांना ते आठवत नसे, म्हणून रोज सकाळी मीच त्यांना सांगायची.