खंडेनवमीचं व्हॅम्पायर

गुरुदत्तकाका बेहेरे अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला मोटारींच्या कंपनीत इंजिनियर होते, पण बोलायचे ते व्हॅम्पायरबद्दलच. इंग्रजांनी हे जेट पहिल्यांदा उडवलं त्रेचाळीस साली. ते कामाला यायच्या आत महायुद्धच आटोपलं. अठ्ठेचाळीस साली ते आपल्या हवाई दलात आलं, आपलं पहिलं जेट. पुढे ते बंगलोरच्या कारखान्यात बनू लागलं. तिथे तरुण काका त्याच्या पुढच्या धडाचे थर चिकटवत. लाकडाचे थर, हो. पासष्टच्या लढाईत पहिल्याच संध्याकाळी चार व्हॅम्पायर पडली आणि उरलेली शिकाऊ वैमानिकांच्या वाट्याला गेली. दोन वर्षांनी काका अमेरिकेला आले.

"बाबा, प्लायवुडचं फायटर जेट? सीरियसली?" त्यांची मुलगी सीमा हसायची. बाकी कोणी हसलं तर काका दुर्लक्ष करत, तिचं हसणं मात्र त्यांना लागायचं. एकदा तिने ते विमान जिवंत बघावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मग तासाभरावरच्या छोट्या विमानतळावर वॉल्टर नावाच्या निवृत्त दंतवैद्याने भारतातून भंगारातलं व्हॅम्पायर आणलं. काका दर शनिवारी तिथे राबू लागले. उत्तराकाकूंनी कपाळाला हात लावला. मी शेजारी, सोबत जायचो आणि थर्मासमधला चहा ओतायचो.

शहाऐंशी साली इंजिन पहिल्यांदा सुरू करायचा शनिवार नेमका खंडेनवमीचा निघाला. बंगलोरला त्या दिवशी यंत्रं पुसून हार घालत, आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावत नसत. काकांनी विमानाच्या नाकावर काकूंच्या बागेतल्या झेंडूचा हार चढवला. वाऱ्याने दोरा तुटेल म्हणून फुलं तारेत ओवली होती. वॉल्टरला हार इतका आवडला की तो म्हणाला, राहू दे, असंच सुरू करू.

उद्या सुरू करू, असं काकांनी म्हणायला हवं होतं. पण सीमा संध्याकाळी कॉलेजला परतणार होती. काका गप्प बसले. एरवी शेजाऱ्याच्या गाडीचा आवाज जरा बदलला तरी टोकणारा माणूस! मला त्यांचा अजून राग येतो.

इंजिन घोंघावलं. सीमाने कानांवर हात ठेवले. तेवढ्यात हार घसरला आणि पंखाच्या मुळाशी हवा ओढणाऱ्या तोंडात दिसेनासा झाला. मोठी करकर झाली, धूर आला, संपलं. दुसरं इंजिन कुठेच मिळेना. वॉल्टरने काकांना एका शब्दानेही दुखावलं नाही, त्यामुळे त्यांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. विमान शेडच्या कोपऱ्यात कायमचं उभं राहिलं.

काका वर्षभर तिकडे फिरकले नाहीत. पुढच्या खंडेनवमीला सीमा न बोलावता घरी आली. तिने स्वतः हार ओवला होता, दोऱ्यात. बळेच काकांना गाडीत बसवून तिने शेडवर आणलं; मीही सोबत होतो.

"आता ह्याला रोजच खंडेनवमी," काका म्हणाले.

"बाबा, आय हर्ड इट," सीमा म्हणाली. "त्या दिवशी माझ्या छातीत वाजत होतं ते. तुमचं प्लायवुड."

काकांनी हार तिलाच घालायला लावला आणि आमच्यादेखत रडले.