उद्यापासून मागावर

इंग्रजांच्या राज्यात मी एकदा पाय मोडून बेळगावच्या एका दवाखान्यात पडलो होतो. तिथली नर्स वडगावच्या विणकराची लेक. चादरी बदलताना ती रोज म्हणायची, "लई झालं. उद्यापासनं घरी मागावर बसणार."

एके दिवशी शेजारच्या म्हाताऱ्याने कडू औषध तिच्या अंगावर थुंकलं. तिने टोपी काढली आणि सरळ दाराकडे निघाली.

मी म्हणालो, "जा आक्का. सूत काय थुंकत न्हाय."

ती थांबली. "व्हय अण्णा. पण सूत बरं होऊन आपल्या पायानं घरी बी जात न्हाय."

टोपी चढवून तिने औषध पुन्हा ओतलं.

मला घरी सोडलं तेव्हा ती दारात उभी राहिली. पाय चांगलाच ठणकत होता. तरी टांग्यापर्यंत मी नवरदेवाच्या ऐटीत चालत गेलो.