दुसरा नर

मंगळवार, ९ मे. सकाळी धुकं, नंतर ऊन. दूध वेळेवर आलं. गॅसचा सिलिंडर बदलला. भाऊजी आजही जंगलात गेले नाहीत. जीप धुतली, ती वाळल्यावर पुन्हा धुतली. झाडावरच्या घरट्याचं काय झालं ते सांगायला राखणदारीण आज येणार आहे. अजून आलेली नाही.

एवढं आज सकाळीच लिहून ठेवलं. एरवी मी रोजनिशी संध्याकाळी लिहिते. दिवस संपायच्या आत त्याच्याबद्दल काही लिहू नये, असं शाळेतल्या सिस्टर सांगायच्या आणि ते मी जन्मभर पाळलं. पण आज बाहेर बादलीचा आवाज दुसऱ्यांदा झाला आणि मला नुसतं बसवेना.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांची बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन लांब आहे. आमचे हे गेल्यापासून या घरात आम्ही दोघंच. गावात त्यांचं नाव कुणाला विचारलं तर तोंडाकडे बघत राहतील. शिट्टी म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवील. लहानपणी कुंपणावरून पडून पुढचा दात गेला आणि त्या फटीतून त्यांना शिट्टी सापडली. बुलबुल, तांबट, मैना, कुणाचीही नक्कल. दाताचा डॉक्टर भेटला की म्हणायचा, "शिट्टी, ये कधीतरी, फट बुजवून देतो." भाऊजी म्हणायचे, "मग माझ्या घरी जेवायला तूच घालणार का?"

कारण तोच त्यांचा धंदा. रस्ता संपतो तिथे आमचं घर, आणि त्याच्या पलीकडे जंगल सुरू होतं. वर्षभर हिरवं आणि ओलं असं ते जंगल पाहायला पाहुणे लांबून येतात. भाऊजी त्यांना जीपमधून फिरवतात. चढावर एका जागी गाडी थांबवून ते वीतभर रोपाकडे बोट दाखवतात. "हे कुणी लावलं, सांगा बघू?" कुणी म्हणतं जंगलखात्यानं, कुणी म्हणतं देवानं. "छे! याचा माळी वर बसलाय," असं म्हणून ते आभाळाकडे मान करतात. माळी म्हणजे धनेश. रानजायफळासारखी मोठाली फळं तो अख्खी गिळतो आणि बी लांब नेऊन टाकतो. एवढी बी गिळेल असा घसा जंगलात फार थोड्यांना आहे. धनेश गेले तर ती झाडं उभ्या जागी म्हातारी होतील आणि त्यांच्या मागे कुणी उरणार नाही. उंच झाडं गेली की सावली जाते. मग खालचा पाला वाळतो. बेडूक, शेवाळ, ओल, सगळं हळूहळू जातं. आमच्या स्वयंपाकघरातला नळ त्याच ओलीवर चालतो. पलीकडच्या डोंगरावरचं जंगल तोडलं, तेव्हापासून तिकडचा ओढा पावसाळ्यापुरताच वाहतो आणि लोक टँकरची वाट पाहत बसतात.

हे सगळं भाऊजींच्या तोंडून ऐकून ऐकून मला पाठ झालंय. म्हणून पुढचं लिहिताना हात जड होतो. ज्याला हे इतकं ठाऊक, त्याच माणसानं ते केलं.

धनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखल, विष्ठा, फळांचा चोथा असं जे मिळेल ते थापून दार आतून बुजवते. चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवते. आत तिची उडायची पिसं झडतात. बाहेर येऊन उडायची सोयच राहत नाही. नर घशात फळं भरून आणतो आणि फटीतून तिला एकेक देतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आमच्या ह्यांना म्हटलं होतं, "तुमच्या भरवशावर अशी बसले असते, तर माझी हाडं सापडली असती." ते म्हणाले, "आणि मला शोधायला तू कुणाला पाठवलं असतंस?"

आमच्याकडच्या ढोलीवर लक्ष ठेवायला जंगलखात्यानं एक राखणदारीण नेमलीय. ती भाऊजींच्या वर्गातली. ती त्यांना शिट्टी म्हणते, भाऊजी तिला साहेब म्हणतात. ती झाडापासून लांब, आडोशाला बसते. नर किती फेऱ्या मारतो ते बघते आणि फटीखाली जमिनीवर काय पडलंय ते तपासते. खाली ओली विष्ठा आणि ताज्या बिया असल्या की समजायचं, आत जेवण पोचतंय.

भाऊजी पाहुण्यांना घेऊन थांबतात ते घळीच्या अलीकडे, रस्त्याच्या वळणावर. तिथून दुर्बिणीनं फट दिसते, पण राखणदारीण बसते ती जागा दिसत नाही. यंदा एका सकाळी मोठाले कॅमेरे घेऊन काही पाहुणे तिथे ताटकळत होते. नर काही येईना. एक जण म्हणाला, "काका, तुम्ही तर नक्की दिसणार म्हणाला होतात." भाऊजींना हे लागलं. त्यांनी ओंजळ तोंडाशी धरली आणि नर धनेशाची हाक दिली. ही दाताच्या फटीतली गंमत नाही; ती घशाच्या तळापासून येते, कुत्र्याच्या भुंकण्यासारखी, पण रुंद. आपल्या झाडाशी कोण दुसरा आला म्हणून नर धाडधाड पंख वाजवत आला. कॅमेरे कडाडले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"वहिनी, असा आला म्हणता! मांडवात नवरदेव यावा तसा!" संध्याकाळी ओट्याला टेकून ते मला सांगत होते. मीही हसले आणि चहाचा दुसरा कप दिला.

मग काय, एकानं दुसऱ्याला सांगितलं. शिट्टीकाकांच्या जीपमध्ये बसलं की धनेश हमखास दिसतो. हाक रोजची झाली.

थोड्या दिवसांनी राखणदारीण फाटकातूनच ओरडत आली. "शिट्टी! ए शिट्टी! अरे, जंगलात दुसरा नर आलाय!"

भाऊजींनी माझ्याकडे बघून डोळा मारला. "काय सांगता साहेब! पाहिलात?"

"दिसत नाही रे, फार लबाड आहे. पण आवाज! तरणाबांड असणार. वहिनी, किती वर्षांनी नवा नर आलाय ठाऊक आहे? ऑफिसात सांगून आले. त्यांनी फळ्यावर लिहिलंसुद्धा."

ती गेल्यावर भाऊजी ठसका लागेपर्यंत हसले. "साहेबांना फसवलं, वहिनी! साहेबांना! तरणाबांड म्हणाली!"

मी म्हटलं, "आता सांगून टाका."

"सांगतो हो. जरा मजा घेऊ द्या की."

पुढच्या वेळी ती पाय ओढत आली. खुर्चीत बसली आणि मी दिलेला चहा तिनं तसाच धरून ठेवला.

"मेला कुठून तडमडला इथे!"

"कोण गं?" मी विचारलं.

"तो दुसरा. आपला नर घसा भरून येतो, फांदीवर बसतो, आणि नेमका तेव्हा तो हलकट हाक मारतो. की हा निघाला त्याला शोधायला! या झाडावरून त्या झाडावर, वेड लागल्यासारखा. घशातली फळं खाली सांडतात. घळीत अख्खी फळं पडलीत, वहिनी. फटीखाली मात्र काही नाही."

भाऊजींचा कप ओठाशीच थांबला. "काही नाही म्हणजे?"

"कोरडं. ठणठणीत कोरडं. आत आई आहे, पिल्लूही झालंय, मी आवाज ऐकलाय त्याचा. आणि बाहेर हे दोघे नाक वर करून भांडतायत! सापडू दे तो मला. एकेक पीस उपटते का नाही बघ. लाज नाही मेल्याला. स्वतःचं घर नाही, दुसऱ्याचं बुडवायला आला!"

एरवी तिच्या शिव्या ऐकून मला हसू येतं. त्या दिवशी मी बशीतल्या चहाकडे बघत बसले. भाऊजी उठून मागच्या पडवीत गेले. मला वाटलं, कप विसळायला गेले असतील.

मग पडवीतून हाक आली.

राखणदारीण ताडकन उठली. "आला! वहिनी, इथवर आला!" ती दाराकडे धावली. मला उठायचा धीर झाला नाही. दारात ती थांबली. भाऊजींचे हात अजून तोंडाशीच होते.

"तू?"

"हो."

"रोज?"

"रोज."

ती परत येऊन बसली. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. पण ती एवढंच म्हणाली, "ऑफिसात सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली रे त्यांनी." कप तसाच ठेवून ती निघून गेली. जाताना माझ्याकडे एकदा बघितलं. मला हे आधीपासून ठाऊक होतं, ते तिला कळलं, आणि मी पदर सारखा करत राहिले.

दुसऱ्या दिवशी भाऊजी स्वतःहून जंगलखात्याच्या ऑफिसात गेले. काय झालं ते त्यांनी मला तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. फळ्यावर मोठ्या अक्षरात 'नव्या नराचं आगमन' असं लिहिलेलं होतं. त्याखाली उभं राहून त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं, तो नर मी आहे. अधिकारी हसायलाच लागले. "काहीतरीच काय शिट्टी! करून दाखव बरं." नाही दाखवलं तर खरं वाटेना. म्हणून त्यांनी दाखवलं. कारकून, शिपाई, रोपवाटिकेतल्या बाया, सगळे धावत आले आणि टाळ्या वाजवू लागले. "पुन्हा! पुन्हा एकदा!" मागे राखणदारीण उभी होती. ती पुढे आली, हाताच्या पंजानं फळा पुसला आणि निघून गेली. टाळ्या तेव्हा थांबल्या.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, वहिनी," भाऊजी म्हणाले. "टाळ्या वाजवल्या हो लोकांनी."

त्यानंतर त्यांनी पाहुणे नेणं बंद केलं. पहाटे उठून ते राखणदारणीच्या आडोशाशी जाऊन बसायचे. ती बोलायची नाही, भाऊजीही बोलायचे नाहीत. नराला उमज पडायला वेळ लागला. तो यायचा, चहूकडे मान फिरवून ऐकत राहायचा, मग घाबरत घाबरत फटीशी जायचा. फटीखाली पुन्हा बिया पडू लागल्या, पण थोड्या. घरी आले की भाऊजी मला तेवढंच सांगायचे, "आज थोड्या." मग खाली मान घालून जेवायचे. बाजारात कुणी "काय तरणेबांड!" अशी हाक मारली की पिशवी न भरताच परत यायचे. मीही बाजारात जायचं टाळू लागले. लोक माझ्याकडे बघून हसतात असं वाटायचं. आणि हसत नसले तर जास्तच वाटायचं.

गेल्या आठवड्यात ते दाताच्या डॉक्टरकडे जाऊन फट बुजवून आले. मला वेगळेच दिसायला लागलेत, फोटोतल्या कुणासारखे. मी म्हटलं, "भाऊजी, धनेशाची हाक दातातून येत नाही."

"ठाऊक आहे, वहिनी. घसा कुणी बुजवून देत नाही."

शनिवारी राखणदारणीनं निरोप धाडला होता, मादी बाहेर यायची वेळ झालीय, आता आडोशाशी कुणी नको, मंगळवारी मीच येऊन सांगते. ती आज आली ती दुपार कलल्यावर. भाऊजी जीपचा आरसा पुसत होते. तो किती वेळ पुसत होते कोण जाणे. ती फाटकाशी थांबली, छत्री मिटली आणि तिथूनच म्हणाली, "ढोलीची भिंत फुटली. परवाच फोडून मादी बाहेर आलीय. उडते. जड उडते, पण उडते."

"आणि आतलं?"

"आत कुणी असतं तर दोघं मिळून भरवायला आली असती. मी तेव्हापासून बसलेय. कुणी येत नाही. आतून आवाज नाही."

भाऊजींनी फडकं घडी करून बॉनेटवर ठेवलं. "माझ्यामुळे," ते म्हणाले.

मला वाटलं, ती काहीतरी मऊ बोलेल. जंगल म्हटलं की अशी पिल्लं जायचीच, असं काही. किती वर्षांची ओळख त्यांची.

"तुझ्यामुळे," ती म्हणाली.

नळाचं पाणी बादलीत पडत होतं. मी जाऊन तो बंद केला.

"पुढच्या वर्षी त्याच ढोलीत येतील?" भाऊजींनी विचारलं.

"आली तर आली. त्यांना आता ही जागा धड वाटेल का, ते त्यांनाच ठाऊक."

"आली तर?"

"तर तू वळणावर उभा राहशील आणि एकही जीप थांबू देणार नाहीस. तुझीसुद्धा." मग तिनं त्यांच्या तोंडाकडे निरखून बघितलं. "हे काय रे? दात बसवलास?"

"हो."

"ध्यान दिसतोयस."

ती पायरीवर बसली आणि छत्री भिंतीला टेकवून ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "वहिनी, चहा असेल तर टाका."

मी टाकला. तिघांनी घेतला. तिनं या वेळी कप रिकामा केला. ती अंधार पडायच्या आत गेली.

संध्याकाळची नोंद: चहाची पूड संपली, उद्या आणायची. मागच्या दारच्या नळाला नवं वॉशर बसवलं.