काकूंची आपली गोळी

चेहऱ्यांवर इतका जीव टाकणारं माणूस आमच्या थोरल्या काकूंशिवाय अख्ख्या हैदराबादेत सापडायचं नाही. समोरच्याचं नाव त्या मागाहून विचारतात. आधी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवतात. अंबरपेठच्या बाजारात एकदा वांगी निवडता निवडता त्यांना भाजीवालीच्या मुलीचे मुरूम दिसले. वांगी तिथेच राहिली, मुलगी माझ्या मेडिकलच्या दुकानात आली. "हिचं लग्न आहे रे विजू. ती आपली गोळी दे." आपली, म्हणजे अँटिबायोटिकची. चिठ्ठी वगैरे विचारायची सोय नव्हती. "डॉक्टरला काय, पेशंट टिकवायचाय. आपल्याला हळदीला चेहरा हवाय." मुरूम मावळले की गोळी बंद, उरलेली पट्टी पुढच्या नवरीला, हा त्यांचा शिरस्ता. अर्धी पट्टी पोचवायला त्या ऑटो करून सिकंदराबादेला जायच्या आणि वाटेत ऑटोवाल्याच्या गालावर फोड दिसला तर त्यालाही एक द्यायच्या. हळदीला चेहरे उजळायचे, हेही खरं.

मी फार्मसी शिकलेला माणूस. अर्धवट गोळ्यांनी सगळे जंतू मरत नाहीत, उरलेले निर्ढावतात, हे मला ठाऊक होतं. पण काकूंना नक्को म्हणणं जमलं नाही. गिऱ्हाईकही त्याच आणायच्या, हे आज लिहून टाकतो.

घरातल्या प्रत्येक लग्नाआधी माझ्या मुलीला, सईलाही त्या गोळ्या मिळाल्या. यंदा तिचे गाल गाठींनी भरले. ओढणीत तोंड लपवून बसायची, कॉलेज सुटलं. त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिच्या जंतूंवर हे औषध आता चालत नाही. मधूनमधून कोण देत होतं?" मी फी भरायला उठलो.

काकूंनी मात्र घरी येऊन सरळ विचारलं, "माझ्या गोळीनं झालं का रे?"

सई समोरच होती. "तुम्हाला माहीत नव्हतं, काकू," मी म्हणालो. "मला होतं."

"मग बोलायचं ना, बाबा. मी काय तुला खाल्लं असतं?" काकू म्हणाल्या.

आता उपचार लांबलाय. काकू रोज येतात, सईनं औषध गिळल्याशिवाय उठत नाहीत. सई त्यांच्याशी पूर्वीसारखीच बोलते, माझ्याशी कामापुरतं. दुकानातून परतताना आत दोघी हसताना ऐकू येतात. मी आत गेलो की सई उठून जाते, म्हणून चपला काढून जरा वेळ बाहेरच उभा राहतो.