ओहाला

शुक्रवारी सकाळी आखातातल्या माझ्या घरी, माबेल्याला, पोहे खात बसलो होतो, तेव्हा गावाहून सुधाकरच्या बायकोचा, सुलभावहिनींचा फोन आला. सुधाकर पहाटे गेला. त्या रडत नव्हत्या. "सुटले," एवढंच म्हणाल्या. शेवटचे दोन महिने त्याला आडवं होता येत नव्हतं, भिंतीला टेकून बसल्या बसल्याच डोळा लागायचा, हे मला ठाऊक होतं. तरीही बशी हातात धरून मी किती वेळ तसाच बसलो होतो, कुणास ठाऊक. आता सहा आठवडे झाले. अशा लेखात गेलेला माणूस किती चांगला होता ते लिहितात. सुधाकर चांगला होताच. पण मला लिहायचंय ते त्याच्या एका उन्हाळ्याबद्दल, आणि त्या उन्हाळ्याची मी जी वाट लावली तिच्याबद्दल.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं इथल्या गाला भागातल्या एका मार्बल-ग्रॅनाइटच्या कारखान्यात होतो. तो देवगडकडचा, दगड कापणारा कारागीर. मी ऑफिसातला क्लार्क; टपाल, व्हिसा, रजेचे अर्ज, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. जवळच, सीबच्या जुन्या बाजारामागे एका खोलीत आम्ही सात वर्षं काढली. कालवण त्याचं, भांडी माझी. एका वर्षी कंपनीनं स्पेनहून कापायचं नवं मशीन मागवलं आणि ते शिकायला सुधाकरला तीन महिने अलिकांतेला धाडलं. अलिकांते म्हणजे समुद्रकाठचं शहर. देवगडच्या माणसाला आणखी काय हवं!

त्या तीन महिन्यांवर तो पुढं जन्मभर जगला. तिथे मेजाला मेसा म्हणतात, कमीजला कामिसा, बटाट्याला पाताता... "अरे, माका अर्धी भाषा आधीच येय होती!" हे त्यानं मला शंभर वेळा तरी ऐकवलं असेल. कारखान्याचा म्हातारा मालक, पाको, रविवारी त्याला किनाऱ्यावर घेऊन जायचा आणि दोघं भाजलेले तारले मासे हातानं खायचे. पण त्याची सगळ्यात लाडकी आठवण शिमग्याची. जून महिन्यात तिथे चौकाचौकांत मोठाले पुतळे उभारून जाळतात. ते बघून याच्यानं राहवलं नाही. त्यानं तोंडावर हात आपटून कोकणातल्यासारखी सणसणीत बोंब ठोकली, तर आधी शेजारची पोरं आणि मग अख्खा चौक तशीच बोंब मारायला लागला. हे सांगताना तो खोलीत उभा राहून ती बोंब मारूनही दाखवायचा आणि शेजारचा मलबारी भिंत ठोठावायचा. अजून एक गोष्ट तो सांगायचा, जरा हळू आवाजात. तिथे हातातल्या ग्राइंडरलाही पाण्याची नळी असते, धूळ म्हणून उडत नाही, संध्याकाळी कपडे झटकावे लागत नाहीत.

निघायच्या दिवशी त्यानं पाकोला विचारलं होतं, मी परत आलो तर काम द्याल का? "म्हातारो खांद्यार हात ठेवन म्हणता कसो, ओहाला," तो मला सांगत होता. तिथल्या एका मोरोक्कन कामगाराला त्यानं या शब्दाचा अर्थ विचारला. तो म्हणाला, आपलं इन्शाल्लाच.

मी खो खो हसलो. आमच्या अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे, रजा मागितली की तो गोड हसून इन्शाल्ला म्हणायचा. देवाची इच्छा असेल तर, असा त्याचा अर्थ. आमच्या कारखान्यातला अर्थ मात्र, विसरून जा. "मग झालं की," मी सुधाकरला म्हणालो. "म्हातारा नाही म्हणाला. तोंडावर तसं बोलला नाही, इतकंच." त्याचा चेहरा उतरला. तो गेला असता तर त्या खोलीत मी एकटा पडलो असतो, हे मला तेव्हा सुचलं नसेलच असं आज छातीठोकपणे सांगता येत नाही.

पुढच्या तीन वर्षांत पाकोची तीन कार्डं आली, स्पॅनिशमध्ये लिहिलेली. टपाल माझ्याकडेच यायचं. "आला बघ तुझा इन्शाल्ला," म्हणत मी कार्ड त्याच्या हातात द्यायचो. तिसरं आलं तेव्हा त्यानं तिन्ही मला आणून दिली आणि कुणाकडून तरी वाचून घे म्हणाला. "घेतो, इन्शाल्ला," मी म्हणालो आणि ती ड्रॉवरमध्ये टाकली. त्यानं दोनदा आठवण करून दिली, मग सोडून दिलं. स्पेनचं मशीन गाल्यात आलं खरं, पण हातातले ग्राइंडर कोरडेच चालत राहिले. सुधाकर संध्याकाळी पांढरा होऊन खोलीवर यायचा आणि आधी पंधरा मिनिटं खोकायचा. मी कुटुंब आणलं, माबेल्याला गेलो. तो तिथेच राहिला. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरनं फुप्फुसात दगडाची धूळ बसल्याचं सांगितलं आणि कंपनीनं त्याला घरी पाठवलं. विमानतळावर धाप टाकत त्यानं मला विचारलं, "ती कार्डां आसत मां?" आहेत, म्हणालो.

तो गेल्यावर ती शोधून काढली. माझ्या मुलीनं कॉम्प्युटरवर एकेक शब्द घालून अर्थ लावला. तिचं मराठी अडखळतं. "बाबा, ही इज वेटिंग फॉर हिम," ती म्हणाली. "वर्क आहे म्हणतोय. पेपर्स तो करणार. फोन नंबर पण दिलाय." तिसऱ्या कार्डावर होतं की जागा आणखी एक वर्ष ठेवतो. प्रत्येक कार्डाच्या शेवटी तोच शब्द होता. त्याचा अर्थ विचारला. तिनं तोही कॉम्प्युटरवर घालून बघितला. "ओहाला म्हणजे... आय विश. पण खूप मनापासून, तसं."

मी उठून बाल्कनीत गेलो. मला माझी लाज वाटली, आणि अजून वाटते.

परवा वहिनींचा पुन्हा फोन आला. वर्षश्राद्धाला तरी या, त्यांचं काही तुमच्याकडे राहिलं असेल तर घेऊन या, म्हणाल्या. स्पेनची तीन कार्डं आहेत, मी सांगितलं.

"ती तुमी वाचून घेतलात मां?" त्यांनी विचारलं. "हे शेवटपर्यंत वाट बघी होते."

घेतली, म्हणालो. आलो की सगळं सांगतो.

"भावजी, खराच येतलात, काय तुमचा थयला इन्शाल्ला?"

थट्टेनंच म्हणाल्या. हा शब्द त्यांना सुधाकरनंच शिकवला असणार. खरंच येतो, मी म्हणालो. कार्डं आता ऑफिसातल्या माझ्या टेबलाच्या काचेखाली आहेत. शेजारी माझा रजेचा अर्ज आहे. लिहून झालाय, अजून दिलेला नाही.